बोअर एकाचा, कोरडी विहीर शेजाऱ्याची

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाह्यता शिकवताना पुस्तकात कारखान्याचा धूर आणि मधमाश्या एवढीच उदाहरणं येतात. धुरावर कर लावला की समाजाचं नुकसान भरून निघतं, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात समाजावर परिणाम कसे होतात, कर लावून ते थांबतात का, आणि सौरपंपासारखी चांगली गोष्ट कुठल्या खात्यात धरायची?

मी अर्थशास्त्र शिकलो, पण पोट भरलं ते गावांच्या पाण्याचे ताळेबंद मांडून. त्यामुळे धुराऐवजी भूजलाचं उदाहरण घेतो. महाराष्ट्रात बाह्यता समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही.

व्याख्या आधी उरकून घेऊ. एकाने काही केलं, किंवा दोघांनी आपसात काही व्यवहार केला, आणि त्याचा फायदा-तोटा तिसऱ्याच्या पदरात पडला, तरी तो कुठल्याच किमतीत धरला गेला नाही, तर ती बाह्यता. तोटा झाला तर ऋण, फायदा झाला तर धन. इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास घसरतात. शेजाऱ्यांनी कांदा भरमसाट लावला, भाव पडला आणि तुम्ही बुडालात, तर ती या अर्थाने बाह्यता नाही. भावाने आपलं काम केलं; तुमच्या खिशातून गेलेले पैसे खाणाऱ्याच्या खिशात राहिले. शेजाऱ्याच्या बोअरने तुमची विहीर आटली, तर मात्र मध्ये कुठलीच किंमत आली नाही. तुम्हाला कोणी विचारलं नाही, भरपाई दिली नाही, आणि बोअर मारायचा की नाही हे ठरवताना तुमचं नुकसान त्याच्या हिशेबात आलंच नाही.

आता जमिनीखाली काय चालतं ते बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, बसलेला आहे. या खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. खडकाची साठवण फार तोकडी, ढोबळमानाने १ ते ३ टक्के. २ टक्के धरले, तर एक एकर रानाखालची पाणीपातळी एक मीटर खाली गेली की हाती येतं सुमारे ८१ घनमीटर, म्हणजे ८१ हजार लिटर पाणी. टँकरच्या भाषेत, दहा हजार लिटरचे आठ टँकर.

एक एकर ऊस घ्या. पावसाचं पाणी वजा जाता पंपाने वर्षाला १५०० मिलिमीटर पाणी दिलं, असं धरू. पाटाने भिजवणाऱ्याचा आकडा याहून मोठा निघतो. ते होतं सहा हजार घनमीटर. भागाकार करा. एका एकराच्या उसासाठी ७५ एकर रानाखालची पातळी मीटरभर उतरते. पाटाचं थोडं पाणी परत मुरतं, पावसाळ्यात भरपाई होते, त्याची सूट द्या आणि आकडा अर्ध्यावर आणा. तरी उरतात सदतीस-अडतीस एकर. आपल्याकडे किती जणांची जमीन सलग अडतीस एकर आहे? म्हणजे उसाच्या फडाची सीमा एक एकर आणि उपशाची सीमा अडतीस, आणि त्या अडतीसमध्ये दहा-पंधरा सातबारे.

पुस्तकातल्या आलेखात खाजगी खर्चाची, म्हणजे करणाऱ्याला स्वतःला पडणाऱ्या खर्चाची, रेषा खाली आणि सामाजिक खर्चाची, म्हणजे सगळ्यांना मिळून पडणाऱ्या खर्चाची, रेषा वर काढतात, त्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे हे दहा-पंधरा सातबारे.

हे गावात कसं दिसतं, ते सांगतो. शेतकरी विहिरीचं पाणी लिटरमध्ये मोजत नाही, तासांत मोजतो. ‘माघात माझी मोटर चार तास चालायची’, असं म्हणतो. शेजारच्या बांधावर बोअरची गाडी येते. रात्रभर आवाज आणि फुफाटा. साडेचारशे फुटांवर दोन इंच पाणी लागल्याची बातमी सकाळी चहाच्या टपरीवर पोचते. महिनाभरात या बाजूची पन्नास फुटांची विहीर चार तासांवरून दोनवर येते, पुढच्या वर्षी अर्ध्या तासावर. मोटर हवा ओढायला लागते. मग हा काय करतो? शेजाऱ्याशी दोन दिवस भांडतो आणि तिसऱ्या दिवशी पाणाड्याला बोलावतो. नारळ तळहातावर उभा राहिला की गाडी ठरते. याचा बोअर साडेपाचशे फूट. मग तिसऱ्याचा सातशे. केसिंग, मोटर, केबल, पाइप धरून प्रत्येकाचे दीड-दोन लाख जमिनीत जातात. गावाच्या पोटातलं पाणी मात्र आधी होतं तेवढंच. खोल गेल्याने पाणी वाढत नाही, ते कोणाच्या पाइपात जाणार एवढंच बदलतं. गावाने मिळून वीस-पंचवीस लाख खर्च केले ते वाटणी बदलायला, आणि तेही दोन-तीन वर्षांपुरतं. समाजावर होणारा पहिला परिणाम हा. पुस्तकात तो अर्ध्या वाक्यात संपतो, शेतकऱ्याच्या घरी तो कर्ज होऊन बसतो. त्यातले किती बोअर कोरडे गेले, ते सावकाराच्या वहीत सापडतं.

दुसरा परिणाम वाटपाचा. या शर्यतीत सगळे सारखे धावत नाहीत. ज्याला दोन लाख उभे करता येतात तो खाली जातो. ज्याला जमत नाही त्याची विहीर सामाजिक खर्च भरते. भूमिहीन तर या खेळात कुठेच नसतो. त्याच्याकडे ना विहीर, ना बोअर. त्याच्या घरची बाई गावच्या आडावर जाते आणि आड सिंचनाच्या बोअरमुळे आटलेला असतो. म्हणूनच १९९३ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. तुमच्या गावात हा कायदा कधी वापरला गेला, ते एकदा ग्रामसेवकाला विचारून बघा. खोल गेल्याचा आणखी एक परिणाम काही भागांत आरोग्यावर होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही पट्ट्यांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त येतं, मुलांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडं धरतात. हा खर्च बोअर मारणाऱ्याच्या खात्यात नसतोच, तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत असतो.

तिसरा परिणाम लांबवर जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ज्या भागाचं पिण्याचं पाणी संपलं त्याच भागात ऊस उभा राहिला होता. दोष फक्त पावसाचा होता, असं मी तरी म्हणणार नाही. त्या गाडीचा खर्च उसाच्या दरात कुठे आला? कुठेच नाही.

आता कर. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडलं, की जेवढं नुकसान तेवढा कर लावा, म्हणजे करणारा आपोआप हात आखडेल. तर्क बिनचूक आहे. भूजलावर मात्र तो लावायला तीन गोष्टी लागतात: कोणी किती उपसलं याचं मोजमाप, नुकसानीचा आकडा, आणि वसूल करायची राजकीय छाती. आपल्याकडे बोअरवर मीटर नाही. नुकसान खडकाप्रमाणे शिवारागणिक बदलतं. आणि छातीचं म्हणाल, तर आपण उलट्या दिशेने चाललो आहोत. वर्षानुवर्षं अनेक कृषिपंपांना अश्वशक्तीवर ठरावीक बिल होतं: मोटर तासभर चालवा की दहा तास, पैसे तेवढेच. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिलच माफ झालं. अर्थशास्त्राच्या भाषेत, शेवटच्या लिटरचा खाजगी खर्च शून्य. कर लावायच्या जागी आपण अनुदान लावलं. मी अनुदानाच्या विरोधात नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला आधार हवाच. पण तो विजेच्या तारेतून दिला, की जो जास्त उपसतो त्याला जास्त मिळतो आणि ज्याच्याकडे बोअर नाही त्याला काहीच मिळत नाही. पंजाबने २०१८ मध्ये वाचवलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला ४ रुपये द्यायची योजना आणली. अनुदान राहिलं, आणि उपशाला किंमतही आली. अशा रचनेवर आपल्याकडे कोणी गंभीरपणे बोलत नाही.

शेततळ्याचंही तसंच. मुळात शेततळं म्हणजे वाहून जाणारं पाणी अडवायचा खड्डा. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं तेव्हा कागदावर हाच हेतू होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मोठी प्लास्टिकच्या अस्तराची तळी झाली, आणि ती दिवाळीच्या सुमाराला बोअर चालवून भरली जातात. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर काढून आपल्या कुंपणात ठेवायचं. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत त्यातलं मीटरभर पाणी तरी ऊन पिऊन जातं. त्या एकट्या शेतकऱ्याची द्राक्षबाग किंवा मोसंबी वाचते, हे खरं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण ऋण बाह्यतेला सरकारी पैसे लागले, ते असे.

इथे रोनाल्ड कोझ हे अर्थशास्त्रज्ञ आठवतात. १९६० च्या त्यांच्या लेखातला मुद्दा असा: नुकसान हे नेहमी दुतर्फी असतं. नुकसान करणाऱ्या ‘अ’ला थांबवलं की ‘अ’चं नुकसान होतं. हक्क कोणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणी फुकटात होत असतील, तर दोघं आपसात वाट काढतील. कराची गरज नाही. कोझ यांचं नावही न ऐकलेला बोअरवाला ग्रामसभेत हेच बोलतो: ‘माझं पीक वाळलं तर तुम्ही भरून देणार का?’ प्रश्न चोख आहे, आणि त्याला उडवून लावणाऱ्या कार्यकर्त्यांचा मला राग येतो. अडचण पुढची आहे. पहिली अट मोडते, कारण हक्कच वाकडा आहे: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपण धरून चाललो, की जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. पाणी एकाच्या जमिनीखालून दुसऱ्याच्या जमिनीखाली वाहतं, याचा हिशेब त्या कायद्याने धरला नाही. दुसरी अट मोडते, कारण गावात दोन पक्ष नसतात, चारशे असतात. चारशे जणांची आपसातली बोलणी फुकटात होत नाहीत.

माझं मत इथेच ठरलं. भूजलाच्या बाबतीत किंमत चुकली आहे, असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. पाणी कोणाचं, हे ठरलेलं नाही. ते ठरल्याशिवाय कर आणि अनुदान दोन्ही हवेत काठ्या मारणं आहे.

हे ठरवून दाखवलेली माणसं आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम बघा: पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, डोक्याच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. ऊसबंदीचा नियम सगळ्यांना आठवतो, पण खरा स्फोटक भूमिहीनाच्या वाट्याचा होता. पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला, की बाह्यता उरतच नाही. जो तोटा सोसायचा तोच आता मालकांपैकी एक होतो.

अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळ्या वाटेने तेच केलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने पाणलोटाची कामं केलीच, पण ती तर शेकडो गावांनी केली. फरक नियमात आहे: सिंचनासाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून मग पीक ठरवायचं. बोअरबंदी नसती, तर अडवलेलं सगळं पाणी पहिल्या दहा बोअरवाल्यांनी नेलं असतं. पाणलोट ही धन बाह्यता आहे. माथ्यावर चर खणतो एक, चराई बंद ठेवतो एक, आणि पायथ्याला विहीर भरते दुसऱ्याची. पायथ्याला उपशाचा नियम नसेल, तर माथ्यावरच्या धनगराने शेळ्या का बांधून ठेवाव्यात? हा प्रश्न ज्या प्रकल्पांनी विचारला नाही, त्यांचे बांध आज गाळाने भरलेले आहेत.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा अनेकांना त्यांचा अभ्यास मासेमारी आणि जंगलांवरचा वाटला. त्यांचा १९६५ चा पीएचडीचा प्रबंध मात्र भूजलावरचाच आहे, लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनवर. तिथे उपसा एवढा झाला होता की समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. उपसणाऱ्यांनी संघटना बांधली, कोर्टाच्या छताखाली तडजोड केली, प्रत्येकाचा वाटा ठरवला, आणि प्रत्येकाने वर्षात किती उपसलं हे सगळ्यांना दिसेल असं जाहीर व्हायला लागलं. शेवटचं कलम मला सर्वात मोलाचं वाटतं. शेजाऱ्याचा आकडा दिसत असेल, तर माणूस आपला आकडा सांभाळतो.

आपल्याकडे गावाच्या पाण्याचा ताळेबंद लिहिलेला फळा हेच काम करतो. कागदावरचं एक गाव घेऊ. क्षेत्र १००० हेक्टर, पाऊस ४५० मिलिमीटर. आकाशातून आलं ४५ लाख घनमीटर. त्यातलं साधारण १० टक्के मुरलं, म्हणजे साडेचार लाख. दोन हजार माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणे आणि जनावरांना मिळून वर्षाला साठ हजार बाजूला काढायचे. हे सगळ्यांत आधी, यावर चर्चा नाही. उरले ३ लाख ९० हजार. यात ६४ एकर ऊस होतो. किंवा १६० एकर उन्हाळी कांदा. किंवा जवळजवळ ४८० एकर हरभरा. गावात शेतजमीन दोन हजार एकरांच्या घरात असते. हा हिशेब खडूने फळ्यावर लिहिला, की सभेत एकदम गलका होतो, कारण प्रत्येक जण मनातल्या मनात आपला ऊस त्या ६४ मध्ये बसवायला बघतो आणि सगळ्यांचे मिळून दोनशे होतात. त्या गलक्यानंतर जे बोलणं सुरू होतं, ती कोझ यांची बोलणी. ती फुकट नाहीत. फळ्याने आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदींनी स्वस्त झालेली आहेत, इतकंच. दरवेळी निष्पन्न होतंच असंही नाही. ज्या गावात सरपंचाचाच सात एकर ऊस आहे, तिथे फळा पुसला जातो.

कायद्याने काय साधलं? महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर अधिसूचित क्षेत्रात बंधन आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. मराठवाड्यात बोअरची गाडी दोनशे फुटांवर थांबवा म्हणालात, तर गाडीवाला हसेल. कायदा चांगला आहे. गावाच्या पातळीवर मोजणारं आणि सांगणारं कोणी नसेल, तर तो चांगला असून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाह्यतेच्या धड्यात येत नाही आणि यायला हवी: एक बाह्यता दाबली की दुसरी वर येते. पंजाबने भूजल वाचवायला २००९ मध्ये कायदा केला, की १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. मे महिन्याच्या कडक उन्हातला उपसा वाचला, हे चांगलंच. पण लावणी पुढे गेली, कापणी पुढे गेली, आणि भात निघाल्यापासून गहू पेरेपर्यंत हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. शेतात उरलेला पेंढा हटवायला सर्वांत स्वस्त उपाय काडी लावणं. जाळणं तेव्हापासून सुरू झालं असं नाही, आधीही होतं. ते ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये, वारा पडलेल्या दिवसांत, जास्त दाटलं. जमिनीखालचा तोटा हवेत गेला आणि तो दिल्लीच्या फुप्फुसांनी भरला. कायदा करणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. तुम्ही कुठल्याही उपायाचं मूल्यमापन लिहाल, तेव्हा तोटा संपला की सरकला हा प्रश्न विचारा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही बरं वाटेल.

ठिबकचंही असंच आहे. एकरी पाणी निम्म्यावर येतं, हे मी स्वतः मोजलेलं आहे. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एकर भिजवतो आणि गावाचा एकूण उपसा होता तिथेच राहतो. ठिबकने उत्पन्न वाढतं. गावाचं भूजल वाचायचं असेल, तर क्षेत्रावर मर्यादा लागतेच.

आता सौरपंप. डिझेलचा पंप बंद झाला, कोळशाची वीज वाचली, तर ती धन बाजू आहे, आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येतं. रात्री दोनला बॅटरी घेऊन साप-विंचवांच्या रानात जाणं सुटलं, याची किंमत शहरात बसून कळत नाही. पण सूर्य बिल पाठवत नाही. सकाळी नऊ ते चार मोटर चालू, तळं भरलं तरी चालू. हवेच्या खात्यात जमा आणि भूजलाच्या खात्यात नावे, अशी ती नोंद आहे. दोन्ही बाजू एका आकड्यात मिसळून ‘एकूण परिणाम चांगला’ असं लिहू नका, कारण हवेचा फायदा जगाला वाटला जातो आणि भूजलाचा तोटा त्याच शिवारातल्या उथळ विहिरीवाल्यावर पडतो.

यातून वाट आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. मोटर तासभर जास्त चालवली, तर तेवढी वीज विकायची राहिली. म्हणजे पाण्याला अशी किंमत आली जी शेतकऱ्याला भरावी लागत नाही, मिळते. महाराष्ट्रात सौरपंप वाटताना हे करायचं, तर पंपाची तार ग्रीडला जोडलेली हवी, वीज खरेदीचा दर उसाच्या पाण्यातून सुटणाऱ्या पैशाशी टक्कर घेईल एवढा हवा, आणि पैसे वेळेवर खात्यात पडायला हवेत. आज आपण बहुतेक पंप ग्रीडला न जोडता, एकटे बसवतो आहोत. एकदा बसले, की पंचवीस वर्षं तिथेच राहणार आहेत.